एक कोयता, दोन माणसं

शिंगाडे गुरुजी गेल्याची बातमी शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी आली आणि तिच्या पाठोपाठ तो व्हिडिओ आला. कुणी खाली जोडलेले हात टाकले, कुणी फुलं, कुणी 'उपक्रमशील शिक्षक हरपला' असं लिहिलं. दुपारपर्यंत तोच व्हिडिओ वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे येत राहिला. मी उघडला नाही. उघडायची गरजच नाही, तो मला पाठ आहे. शाळेचा व्हरांडा, मांडी घालून बसलेली मुलं, कानावर खडू अडकवून भिंतीला टेकलेले गुरुजी, आणि पुढे उभी राहून एक मुलगी खणखणीत आवाजात म्हणतेय, "एक कोयता!" आणि अख्खी शाळा ओरडतेय, "दोन माणसं!"

हा व्हिडिओ पुसून टाका म्हणून गुरुजींनी किती जणांची मिनतवारी केली होती ते मी पाहिलंय. लोकांना वाटायचं, केवढा हा विनय! विनय कसला डोंबलाचा. त्या मुलीचा आवाज त्यांना ऐकवत नव्हता.

मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा नवीकोरी शिक्षणसेविका होते. वडील वालचंदनगरला नोकरीला, त्यामुळे माझं लहानपण कॉलनीत गेलेलं. ऊस म्हणजे आमच्या लेखी कारखान्याचा भोंगा आणि हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी. तो तोडतं कोण, हा प्रश्न कॉलनीत कुणाला पडत नसे. आमच्या आजोबांच्या पिढीनं बौद्ध धम्म घेतला आणि तेव्हापासून घरात एकच कायदा, जेवला नाहीत तरी चालेल, शाळा बुडवायची नाही. असल्या घरातली मी. मला वाटायचं, शाळेत यायला कुणाला काय अडचण असते? शाळा तर फुकट आहे!

शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची, वरकुट्याच्या पुढे कालव्याच्या अंगाला. जूनमध्ये पहिल्या दिवशी वर्गात डोकावले तर मुलांपेक्षा बाक जास्त. माझा चेहरा पडलेला पाहून एक उंच, सावळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेले गृहस्थ म्हणाले, "घाबरू नका, बाई. आपल्या शाळेचा पट म्हंजे कालव्याचं पाणी. आता तळ दिसतोय. दिवाळी होऊ द्या, रोटेशन सुटलं की काठोकाठ भरतंय."

हेच शिंगाडे गुरुजी. तेव्हा त्यांची पंचविशीच्या वर नोकरी झाली होती आणि त्यातला बहुतेक काळ याच तालुक्यात. मुख्याध्यापक दुसरे होते, पण ते कायम कुठल्या ना कुठल्या मीटिंगला. शाळा चालवायचे ते गुरुजीच.

पटाचं कोडं त्यांनीच मला सोडवून दाखवलं. सकाळी पिवळी व्हॅन यायची आणि बागायतदारांची मुलं टाय लावून इंग्रजी शाळेला जायची. उरायची ती आमची. धनगरवस्तीवरची, आमच्या बौद्धवस्तीवरची काही, शेतमजुरांची, एक-दोन वीटभट्टीवरची. त्यातही नोकरदार झालेल्या आमच्या लोकांची मुलं त्याच व्हॅनमध्ये. मी एकदा चिडून म्हटलं, "ऊस यांचा, कारखाना यांचा, ग्रामपंचायत यांची, आणि शाळा मात्र बारामतीच्या रस्त्यावरची!" गुरुजी शांतपणे फुटाणे खात म्हणाले, "हळू बोला बाई. त्या व्हॅनमधी मागच्या शिटावर माझा नातू हाय."

"मग तुम्ही घरी सांगत का नाही?"

"घरी? घरी माझा पगार ऐकत्यात. माझं कोण ऐकतंय?"

शर्टाच्या खिशात फुटाणे ही त्यांची कायमची खूण. मुलाचं उत्तर बरोबर आलं तर दोन फुटाणे, चुकलं तर चार. मी विचारलं, हा कुठला न्याय? तर म्हणाले, "बरोबर आलेल्याचं पोट भरलेलं असतंय. चुकलेल्याला ताकद नको?" त्यामुळे आमच्या शाळेत मुलं मुद्दाम चुकायची आणि गुरुजी मुद्दाम फसायचे.

पुस्तकातल्या गणितांवर त्यांचा जुना राग. एका टोपलीत पाच सफरचंदं, दुसऱ्या टोपलीत सात, असं आलं की ते पुस्तकच मिटायचे. "सफरचंद कवा बघितलंय रे?" असं विचारायचे. एखादं पोरगं म्हणायचं, "आजा दवाखान्यात व्हता तवा." मग गुरुजी माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे. "बघा. पाच आन् सात सफरचंदं म्हंजे किती पेशंट झाले?" त्यांच्या गणितात म्हशी असायच्या, उसाच्या सऱ्या असायच्या, एसटीतून उतरलेले आणि चढलेले पॅसेंजर असायचे. एकदा बारामतीची एसटी भिगवणला रिकामी झाली आणि इंदापूरला तिच्यातून दहा माणसं उतरली. पोरांनी गोंधळ घातला, "गुरुजी, रिकाम्या गाडीतून?" गुरुजी डोक्याला हात लावून बसले आणि वर्गाला फुटाणे वाटले. ते चुकले की तेही असं कबूल करायचे, हसत हसत. हसणं हा त्यांचा स्वभावच होता. कुणी काही सांगायला आलं की आधी हसायचे, मग ऐकायचे.

दिवाळी झाली आणि खरंच पट फुगला. बीड, नगरकडून तोडकऱ्यांच्या टोळ्या आल्या, कालव्याकडच्या माळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहिल्या. गुरुजी मोटारसायकल काढून कोपी-कोपीला फिरायचे. "पोरं द्या," म्हणायचे, जसं कुणी विरजण मागावं. आईबाप पहाटे फडात जायचे, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन कोपी राखायची. गुरुजी म्हणायचे, "धाकट्याला बी आणा. आमच्या शाळेत मुतलं तरी चालतंय." आणि ती यायची. कुणाच्या कडेवर भाऊ, कुणाच्या हातात उसाच्या हिरव्या वाढ्याचा भारा. महिन्याभरात व्हरांडाही पुरेनासा व्हायचा.

ही मुलं आली की वरच्या ऑफिसला घाम फुटायचा. कारण मग चाचण्या यायच्या. कोणती शाळा प्रगत, कोणतं मूल अप्रगत. आमची शाळा जूनमध्ये प्रगत असायची आणि डिसेंबरात अप्रगत व्हायची. केंद्रप्रमुख एकदा सुचवूनही गेले की हंगामी मुलांना चाचणीच्या दिवशी घरीच राहू द्या. गुरुजी म्हणाले, "साहेब, त्यांना घर असतं तर ती हितं आली असती का?"

त्याच मुलांत शीतल होती. बीडकडची. वयानं सहावीत बसावी अशी, वाचनानं दुसरीतली, आणि तोंडी हिशेबात सगळ्या वर्गाला पुरून उरणारी. 'माझं' म्हणायचं तिथं ती 'मपलं' म्हणायची आणि तसंच लिहायची. चाचणीत तिला भाषेत भोपळा मिळाला तेव्हा केंद्रप्रमुखांनी विचारलं, "हे मपलं म्हणजे काय, गुरुजी? दुरुस्त करत नाही तुम्ही?" गुरुजी म्हणाले, "दुसरा शब्द मी शिकवतोय, साहेब. पण हा तिच्या आईनं शिकवलेला हाय. आईला चूक म्हणायला मी कोण?"

तर बेचा पाढा काही केल्या या मुलांच्या डोक्यात बसेना. बे म्हणजे काय, इथूनच सुरुवात. गुरुजींनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात सगळ्यांना बसवून विचारलं, "तुमच्या टोळीत कोयते किती?" पोरांनी पटापट सांगितलं. "मग माणसं किती?" तेही पटापट. कारण तोडकऱ्यांच्या बोलीत एक कोयता म्हणजे एक हत्यार नव्हे, एक जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून वाहते. दोघं मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो.

"मग म्हणा की! एक कोयता?"

"दोन माणसं!"

"दोन कोयते?"

"चार माणसं!"

आणि पाढा असा काही उसळला की शेजारच्या रानातले लोक बघायला आले. शीतल त्या पाढ्याची पुढारी. ती सांगायची, बाकीचे झेलायचे. पुढे आमच्याच शाळेत भरलेल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत गुरुजींना हा पाठ घ्यायला लावला, कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. परिसराशी जोडलेलं गणित! त्या वर्षी आमची शाळा डिसेंबरातही प्रगत राहिली. गुरुजींना शाल मिळाली. ती त्यांनी व्हरांड्यातल्या कुणाच्या तरी धाकट्या भावाखाली अंथरली.

शीतल दोन हंगाम आमच्याकडे आली. दुसऱ्या हंगामात ती पुस्तक वाचायला लागली होती, बोट ठेवून, पण थांबल्याशिवाय. मार्च सरत आला, फड संपले, टोळ्या परतायला लागल्या. निघायच्या आदल्या दिवशी मुलं शाळेत निरोप घ्यायला येतात, तशी तीही आली. मी आत पहिलीच्या मुलांना घेऊन बसले होते. खिडकीतून मला दिसलं, गुरुजी पाण्याच्या टाकीपाशी उभे आहेत, भोवती पोरं, आणि शीतल त्यांना काहीतरी सांगतेय. गुरुजी खदखदून हसले, तिच्या डोक्यावर टपली मारली, ओंजळभर फुटाणे दिले. बाकीची पोरं पांगली. ती थोडा वेळ तिथंच उभी होती. मग गेली.

पुढच्या दिवाळीनंतर टोळी आली. तीच टोळी, तोच मुकादम, तीच कोपीची जागा. शीतलच्या दोन्ही धाकट्या बहिणी शाळेत आल्या, ती आली नाही. गुरुजी म्हणाले, "चला बाई, कोपीवर जाऊन येऊ. पोर कोपी राखत बसली असंल." मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसले. वाटेत ते फार खुशीत होते. औंदा हिला शिष्यवृत्तीच्या गणिताला बसवायचं, असे बेत चालले होते.

शीतलची आई चुलीपुढे होती. गुरुजींना बघून तिनं पदर सारखा केला आणि पोतं झटकून बसायला टाकलं.

"शीतल कुठं हाय?" गुरुजींनी विचारलं.

"तिचं झालं की, गुर्जी. उन्हाळ्यात उरकलं. पोरगं चांगलं हाये. त्यांची टोळी कर्नाटकाकडं गेली औंदा."

गुरुजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. "अवो, पण तिचं वय काय..."

"वय काय धरून बसता, गुर्जी? आमी दिसभर फडात. हितं उघड्या माळावर जाणती पोर एकटी. जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई माझा. आन् मुकादम जोडीच घेतो, सुट्टं माणूस कोन घेतंय?" तिनं भाकरी उलटली. तिच्या आवाजात चोरी नव्हती आणि आनंदही नव्हता. "तुमाला तर तिनंच सांगितलं व्हतं म्हनं. जाताना. कोयता व्हनार म्हनून."

गुरुजी उठले. चहा न घेता निघाले. कालव्याच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवली आणि स्टँड न लावताच उतरायला लागले. मी कशीबशी गाडी धरली.

"ती म्हणली व्हती, बाई," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "टाकीपाशी. 'गुर्जी, पुढल्या सालाला मपला कोयता व्हनारे.' आन् मी म्हणलं, अरे वा! म्हंजे पाढ्यात एक ओळ वाढली की!"

मला तरी लगेच उमगेना. मी म्हटलं, "तुम्हाला वाटलं असेल, हातात कोयता घेणार. पोरं मिरवतातच तसं."

"मला का वाटावं तसं?" ते माझ्यावरच ओरडले. इतक्या वर्षांत तो एकदाच. "एक कोयता म्हंजे दोन माणसं, हे मीच शिकवत व्हतो न्हवं? साऱ्या जिल्ह्याला शिकवलं. आन् जिला शिकवलं ती माझ्याच शब्दात मला सांगत व्हती, माझं लगीन ठरलंय. मी हसलो. टपली मारली तिला."

आणि मग हा धिप्पाड माणूस पुलाच्या कठड्याला धरून रडला. उसाच्या गाड्या शेजारून जात होत्या आणि गाडीवान वळून वळून बघत होते.

गुरुजींनी मग काय केलं नाही? ऑफिसात गेले, पोलीस पाटलाला भेटले, शीतलच्या गावच्या शाळेला फोन लावला. सगळीकडे तेच. तिकडच्या शाळेत ती 'स्थलांतरित' होती. आमच्याकडे 'मूळ गावी परत'. एका साहेबांनी तर चक्क सांगितलं, "गुरुजी, ती तुमच्या पटावरची नाही, हंगामी आहे. तुमच्यावर काही येणार नाही." त्यांना वाटलं, हा माणूस चौकशीला भ्यालाय! मुलगी दोन पटांच्या मधल्या फटीत नाहीशी झाली होती आणि साहेब यांना धीर देत होते. मला आजही त्या वाक्याची चीड येते.

मुकादमानं कर्नाटकातल्या टोळीचा नंबर दिला, तो लागत नव्हता. पुढच्या वर्षी शीतलचे आईबाप आमच्याकडे आले नाहीत, दुसऱ्या कारखान्याला गेले. धागाच तुटला.

त्यानंतरचे गुरुजी वेगळे होते. कोयत्याचा पाढा शाळेत बंद झाला. नव्या मुलांना ते 'बे एके बे' असंच शिकवायचे, रडतखडत का होईना. पण जुनी मुलं मधल्या सुट्टीत खेळताना मध्येच 'एक कोयता' म्हणून हाळी द्यायची आणि गुरुजी वर्गातून तरातरा बाहेर यायचे. यायचे, आणि सगळीकडे बघून परत जायचे. मुलांना वाटायचं गुरुजी रागावले. एकदा मी त्यांना दारात अडवून विचारलं, "काय होतं तुम्हाला?" तर म्हणाले, "मला वाटतं आली."

आणि हसणं थांबलं. अगदी थांबलं असं नाही, पण आधी हसायचं आणि मग ऐकायचं ही सवय गेली. कुणी पोर काही सांगायला आली की ते खाली बसायचे, तिच्या तोंडासमोर तोंड आणून. "परत सांग," म्हणायचे. "माझ्याकडं बघून सांग. दुसऱ्या शब्दात सांग." पोरगी नुसती पेन्सिल हरवली म्हणायला आलेली असायची. तिला तीन वेळा सांगावं लागायचं. आम्ही बाकीचे शिक्षक मागे चेष्टा करायचो की गुरुजींना ऐकू येईनासं झालंय. खरं तर उलट होतं.

या सवयीनं एक मुलगी वाचली, तेही सांगायला हवं. वस्तीवरचीच, अश्विनी नाव. ती सहज म्हणाली, "गुरुजी, पुढच्या वर्षी मला गॅदरिंगमध्ये घेऊ नका." दुसरा कुणी असता तर बरं म्हणाला असता. गुरुजी खाली बसले. परत सांग. दुसऱ्या शब्दात सांग. तिसऱ्यांदा सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ठरलेल्या लग्नाचं बाहेर पडलं. संध्याकाळी गुरुजी तिच्या बापाच्या खाटेवर जाऊन बसले. पाहुणा म्हणून चहा आला, घेतला नाही. जेवण आलं, घेतलं नाही. "तात्या, तुमी शब्द देस्तवर मी उठत न्हाय," म्हणाले. भांडण नाही, कायदा नाही, नुसते बसून राहिले. गावातल्या वडीलधाऱ्या माणसानं उपाशी बसून राहावं ही फार वाईट गोष्ट असते. अश्विनीच्या बापानं शेवटी शब्द दिला आणि पाळला. ती आता बारामतीला दवाखान्यात नर्स आहे. पगाराचे पेढे घेऊन आली तेव्हा गुरुजींनी पेढा घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही झाली." पुढचं वाक्य ते बोलले नाहीत, पण त्यांचे डोळे रस्त्याकडे गेले. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता.

रस्त्याचं तर त्यांना वेडच लागलं होतं. हंगामात शाळा सुटली की ते चौकातल्या गतिरोधकापाशी मोटारसायकल लावून उभे राहायचे. तिथं गाड्या हळू होतात. उसावर बसलेल्या बायका तोंडाला फडकं गुंडाळून असतात, नुसते डोळे दिसतात. गुरुजी त्या डोळ्यांकडे बघत उभे. एक-दोनदा गाडीवानांनी हटकलं. एकदा एका नवऱ्यानं गचांडीही धरली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, तुमचं ऐकतात ते. सांगा जरा. शोभतं का हे?" मी सांगितलं नाही. मला शोभण्यापेक्षा त्यांचं उभं राहणं जास्त खरं वाटत होतं. पण भीतीही वाटायची. सापडली तर काय बोलणार आहेत हे तिच्याशी?

ते त्यांनी ठरवलेलं होतं. मला एकदा बोलूनही दाखवलं. "फार न्हाय. एवढंच म्हणायचं, पोरी, मला कळलं न्हाय. माझी चूक झाली, माफ कर. मग ती शिव्या देईना का. दिल्या तर बरंच."

गुरुजी निवृत्त झाले. सत्काराला व्हिडिओ लावला होता, तेव्हा ते पाणी प्यायला म्हणून उठून गेले ते भाषणं संपल्यावरच आले. मग मोतीबिंदूनं डोळे गढूळ झाले आणि गतिरोधकापाशी उभं राहणंही सुटलं. त्या हिवाळ्यात माझं बारामतीला प्रशिक्षण होतं आणि त्यांना तिथल्याच दवाखान्यात डोळे दाखवायचे होते. मी नवी गाडी घेतली होती. म्हटलं, चला माझ्याबरोबर.

बारामतीच्या अलीकडे रस्ता अडला होता. कडेच्या फडातून ट्रक भरत होते, अर्धा ट्रक रस्त्यावरच. बायका डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून वर चढत होत्या, वरचे पुरुष ओढून घेत होते. मी इंजिन बंद केलं. गुरुजी पाय मोकळे करायला म्हणून उतरले, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून उभे राहिले.

"गुर्जी!"

त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. फडाच्या कडेला एक बाई उभी होती. अंगावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्यावर चुंबळ, पायाशी बांधलेली मोळी. तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि हसली. "वळखलं न्हाई का? शीतल मी."

इतकी वर्षं जी दिसावी म्हणून ते उभे राहिले ती त्यांना दिसत नव्हती. ते चाचपडत दोन-चार सऱ्या ओलांडून तिच्यापाशी गेले. मी मागोमाग गेले, पडतील म्हणून. शीतल भराभरा बोलत होती. तो वर ट्रकवर उभाय तो मालक. ती बांधावर पाचटात झोपलीय ती मपली पोर, दुसरी गावाकडं सासूपाशी. बहिणी बऱ्या हायेत. तिच्या हाताला उसाच्या पात्यानं चिरा पडलेल्या, गालाची हाडं वर आलेली. वय विचाराल तर आमच्याकडच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींएवढं.

शेवटी गुरुजी म्हणाले, "पोरी, तू मला सांगितलं व्हतंस. टाकीपाशी. मी..."

"व्हय की!" ती आनंदानं म्हणाली. "ध्यानात हाये तुमच्या? लई भ्या वाटत व्हतं तवा, गुर्जी. घरात कुनाला बोलावं? मंग म्हनलं, गुर्जीला सांगावं. तर तुम्ही हसलाव. तुम्ही एवढं खूश झालाव. मंग मपलं भ्याच गेलं. म्हनलं, गुर्जी हसत्यात म्हंजी वंगाळ नसंल काही."

बोलायला तिनं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. माफी कुणाची मागायची? ती तर आभार मानत होती.

ट्रकवरून हाक आली. शीतल वाकली, मोळीचं एक टोक उचललं आणि तोडकरी बाया जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही सहज म्हणतात तशी म्हणाली, "गुर्जी, जरा हात लावा."

मी पुढे होणार होते. पण गुरुजींनी मोळीखाली दोन्ही हात घातले. त्या वयात, त्या डोळ्यांनी त्यांनी ती उचलली आणि शीतलच्या डोक्यावर ठेवली. तिची मान थरथरली, मग ताठ झाली.

"आलं गुर्जी, बास."

गुरुजींचे हात मोळीला तसेच होते. पायाखालच्या पाचटात ते नीट उभे राहू शकत नव्हते, तरी ओझं वरच्या वर धरून होते. मागच्या बायका खोळंबल्या. ट्रकवरून तिच्या नवऱ्यानं पुन्हा हाक मारली.

"सोडा की, गुर्जी," शीतल म्हणाली. "मला चढायचंय."